तळं निवडताना आधी विचारा, काठ कुणाचा?

गेले पंधरा दिवस एकच प्रश्न येतोय. "सर, तुम्ही युरोपला जाऊन आलात ना? आल्प्समधली कुठली तळी बघायची ते सांगा. बजेट कमी आहे." एकेकाला उत्तर देऊन दमलो, म्हणून इथं एकदाच सविस्तर लिहितोय. लांबण लागणार आहे आणि काही जणांना राग येणार आहे. येऊ द्या.

उत्तर एका वाक्यात सांगतो. तळ्याचा फोटो बघून तळं निवडू नका, त्याचा काठ कुणाच्या मालकीचा आहे ते बघून निवडा. पैसे वाचतील आणि तळंही जास्त दिसेल.

आधी आमची परिस्थिती सांगतो, नाहीतर म्हणाल याला काय, परवडतंय. मी कराडला ज्युनियर कॉलेजात शिकवतो. धाकटी बहीण म्युनिकला नोकरी करते. आई सत्तरीची, एक गुडघा रुसलेला. विमानाची तिकिटं आणि व्हिसा यातच माझी दोन वर्षांची बचत गेली. एका माणसाचा शेंगेन व्हिसाच ९० युरो. राहायला बहिणीची दोन खोल्यांची जागा होती. फिरणं आणि खाणं तिघांचं मिळून दिवसाला ८० युरो, असे दहा दिवस. त्यापुढं एक युरो नाही, असं ठरवूनच निघालो होतो.

निघायच्या आधी एका सहल कंपनीचं पत्रक घरी आलं होतं. दहा दिवसांत सहा देश. त्यात तळ्यांच्या नावापुढं कंसात लिहिलेलं, 'फोटो स्टॉप, २० मिनिटं'. वीस मिनिटांत आमची आई बसमधून उतरून चप्पल नीट करते. दुसरीकडं भाच्यानं मोबाईलवर 'मरण्यापूर्वी पाहायलाच हवीत अशी दहा तळी' असली एक यादी धाडली. यादीतल्या फोटोत एकही माणूस नव्हता. एवढी सुंदर जागा आणि माणूस नाही, याचा अर्थ फोटो पहाटे पाचला काढलाय किंवा माणसं पुसून टाकलीत. तिसरा अर्थ नाही.

मग बहीण आणि मी दोन रात्री बसलो आणि एकेका तळ्याची चौकशी केली. त्यात जे कळलं ते सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ तळ्याच्या काठावर इझेल्टवाल्ड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतलं दृश्य चित्रित झालं, मालिका जगभर गाजली आणि लोकांची रीघ लागली. २०२३ पासून त्या धक्क्यावर जायला फिरतं फाटक आहे आणि माणशी ५ फ्रँक द्यावे लागतात. गावाची बाजू मला कळते. चार-पाचशे वस्तीच्या गावात रोज बसच्या बस रिकाम्या व्हायला लागल्या तर कोणीही फाटक लावेल. शिवाय गावात हिंडायला, बाकीचा काठ बघायला पैसे नाहीत. पण म्हणजे ५ फ्रँक कशाचे? तळ्याचे नाहीत. दुसऱ्यानं काढलेल्या फोटोसारखा आपला फोटो निघावा याचे. तेच तळं शंभर पावलांवर फुकट आहे. आम्ही त्या गावाला गेलो नाही.

कांडरग्रुंडजवळचं ब्लाउझे घ्या. निळंशार, काचेसारखं पाणी, फोटोत वेड लावणारं. ते खासगी उद्यानात आहे, तिकीट काढल्याशिवाय दिसत नाही. आणि त्याच खोऱ्यात थोडं वर, कांडरस्टेगच्या डोक्यावर १५७८ मीटर उंचीवर ओशिनेनझे आहे. त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, तीन बाजूंना बर्फाचे कडे, जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशातलं. वर जायला पाळणा आहे, त्याचं तिकीट आहे. पण पायवाटही आहे. चारशे मीटरची चढण, धडधाकट माणसाला दीड तास. त्या वाटेवर तिकीट नाही, आणि यामागं कायदा आहे. १९०७ च्या स्विस दिवाणी संहितेत लिहिलेलं आहे की रान आणि कुरणं, स्थानिक रिवाजाप्रमाणं, कुणालाही पायी हिंडायला मोकळी आहेत. मालक कुणीही असो.

हे कळलं आणि माझा शोधच बदलला. आधी मी 'सुंदर तळी' शोधत होतो, मग 'मोकळी तळी' शोधायला लागलो. दुसऱ्या यादीत पहिलीतली बरीच आपोआप येतात. उलटं होत नाही.

आता बव्हेरियाची गोष्ट. म्युनिक ही त्याची राजधानी, तिथंच आमचा मुक्काम. १९४६ साल. हिटलरचं राज्य बुडून दीड वर्ष झालेलं, शहरं ढिगाऱ्यात, लोकांना पोटभर खायला नाही. अशा वेळी त्या राज्यानं आपलं संविधान केलं. त्यामागचा प्रमुख माणूस विल्हेल्म होएग्नर, समाजवादी वकील, नाझींच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये परागंदा होऊन राहिलेला. त्या संविधानाचं १४१ वं कलम म्हणतं की निसर्गाचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. रानात आणि डोंगरावरच्या कुरणांत जाण्याचा, पाण्यात नाव घालण्याचा, रानमेवा गोळा करण्याचासुद्धा. आणि पुढं आणखी ठणकावून म्हणतं की डोंगर, तळी, नद्या यांच्यापर्यंतच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे सरकारचं आणि गावपंचायतींचं नुसता अधिकार नव्हे, कर्तव्य आहे. गरज पडली तर खासगी मालकीला मुरड घालून.

उपाशी माणसांनी हे लिहिलंय. 'आधी पोटापाण्याचं बघू, तळी-बिळी नंतर' असं ते म्हणाले नाहीत. मी नागरिकशास्त्र शिकवतो, पण हे कलम मला माहीत नव्हतं. ते मला आईला तळं दाखवायच्या खटाटोपात कळलं, याची लाज वाटते.

त्या कलमाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर आयबझेला जा. जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर त्सुगश्पिट्स, २९६२ मीटर, आणि त्याच्या पायथ्याशी हे तळं. तळ्याची मालकी खासगी आहे. तरीही भोवतीची साडेसात किलोमीटरची वाट कुणालाही मोकळी. आम्ही म्युनिकहून 'बायर्न तिकीट' काढून गेलो. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, दिवसभर, राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक रेल्वे. अट इतकीच की सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर निघायचं. गार्मिश-पार्टेनकिर्खेनला उतरून पुढं बस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा घरूनच नेलेला. आईनं ती फेरी साडेचार तासांत पूर्ण केली. दर दहा मिनिटांनी बसली, पण पूर्ण केली. शिखरावर जाणाऱ्या पाळण्याचं तिकीट तिघांना परवडणारं नव्हतं, ते काढलं नाही. खालून शिखर दिसत होतं. वर गेल्यावर ते दिसलं नसतं.

कोनिग्झेला गेलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे चिंचोळं खोल पाणी. तिथं बोट आहे आणि बोटीला पैसे आहेत. आईसाठी ते आम्ही आनंदानं दिले, कारण कडे थेट पाण्यात उतरतात, काठानं वाटच नाही. आणि बोटी विजेवर चालतात, १९०९ पासून. आपल्याकडं आत्ता कुठं विजेच्या बसचं उद्घाटन करताना फीत कापतात. ज्यांना बोट परवडत नाही त्यांच्यासाठी धक्क्यापासून थोडं चालून 'मालरविंकेल' म्हणून जागा आहे, तिथून तळं मनसोक्त दिसतं. फुकट.

इथंच माझा मुद्दा नीट समजून घ्या, कारण यावरच भांडण होणार आहे. मी 'सगळं फुकट पाहिजे' म्हणत नाही. बोट, पाळणा, संडास, पार्किंग, यांना खर्च येतो, त्याचे पैसे द्यावेत. मी म्हणतोय की सेवेचं तिकीट आणि काठाचं तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कुणीतरी काही करून देतं. दुसऱ्यात कुणीतरी फक्त आडवं उभं राहतं.

"पण फुकट ठेवलं की कचरा होतो, गर्दी होते." हा आपल्या लोकांचा आवडता मुद्दा. बरं. इटलीतलं ब्राइएस तळं बघा, डोलोमाइट डोंगरातलं. तिथल्या बोटघरावर इटालियन टीव्हीची मालिका झाली, मग मोबाईलवाले आले, गर्दीनं खोरं गुदमरलं. त्यांनी काय केलं? १० जुलै ते १० सप्टेंबर या काळात दिवसा आगाऊ नोंदणीशिवाय गाडी आणायला मनाई केली. बसलाही नोंदणी लागते. पण जो चालत येईल किंवा सायकलवर येईल त्याला कोणी अडवत नाही. गर्दी आवरायची तर गाडी अडवा. माणूस अडवला की गर्दी आवरत नाही, फक्त गरीब आवरतो. श्रीमंताचा कचरा तसाच येतो, पावती घेऊन येतो.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटनंही बसगाड्यांना वेळा ठरवून दिल्या. साडेसातशेच्या आसपास वस्तीचं गाव, चीननं २०१२ मध्ये त्याची हुबेहूब नक्कल उभारली, तेव्हापासून तर विचारू नका. २०२३ मध्ये सेल्फीची गर्दी हटावी म्हणून गावानं नजाऱ्यापुढं लाकडी आडोसा उभा केला आणि ओरड झाल्यावर काढलाही. त्या लोकांची दया येते. तुमच्या यादीत हालश्टाट असेल तर माझं ऐका, वगळा. तुम्हाला तळं दिसणार नाही, तळ्याचा फोटो काढणारे दिसतील.

कुणी म्हणेल, गोऱ्यांचं फार कौतुक चाललंय. अजिबात नाही. गोरा म्हणून कुणी निर्लोभी होत नाही. ऑस्ट्रियातलंच व्योर्टरझे घ्या. काठाचा मोठा भाग बंगल्यांनी आणि हॉटेलांनी गिळलाय, पाण्यात उतरायचं तर बहुतेक ठिकाणी आधी खिडकीवर पैसे. म्युनिकजवळच्या श्टार्नबर्ग तळ्यालाही बंगल्यांची कुंपणं पाण्यापर्यंत आलेली मी पाहिली, संविधानात कलम असूनसुद्धा. स्वित्झर्लंडचा १९७९ चा कायदा म्हणतो, तळ्याकाठ मोकळे ठेवा आणि लोकांची ये-जा सोपी करा. पण झुरिक तळ्याभोवती सलग पायवाट करा हा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये मतदानाला गेला तेव्हा तो मोठ्या फरकानं पडला. काठावरच्या घरमालकांचा विरोध होता, खर्चाची भीती होती. म्हणजे कायदा नुसता लिहून भागत नाही, त्याच्यामागं माणसं उभी राहावी लागतात.

आणि जिथं माणसं उभी राहिली, तिथं आम्ही शेवटचे तीन दिवस गेलो.

स्लोव्हेनिया. वीस-एकवीस लाखांचा देश, आपल्या पुण्यापेक्षा लहान. तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये जलकायद्यात दुरुस्ती आणली. सरकार म्हणालं, यानं पाण्याचं रक्षणच होईल. लोकांनी कलमं वाचली आणि म्हणाले, यानं काठावर बांधकामाला वाट मिळेल आणि आमची वाट बंद होईल. सह्या गोळा केल्या आणि सार्वमत घ्यायला लावलं. ११ जुलै २०२१. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळजवळ निम्मे मतदार बाहेर पडले आणि सुमारे ८७ टक्क्यांनी दुरुस्ती उडवून लावली. तळ्याच्या आणि नदीच्या काठासाठी!

तिथं ब्लेड सगळ्यांना माहीत आहे, मधे बेट, बेटावर चर्च. बघा जरूर. सहा किलोमीटरची फेरी मोकळी आहे, बेटावर नावेनं जायचं नसेल तर खर्च शून्य. पण तिथंच परत फिरू नका. त्याच रस्त्यानं बस पुढं बोहिन्यला जाते. ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानातलं तळं, ब्लेडपेक्षा मोठं, चार किलोमीटरच्या वर लांब. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला फक्त पायवाट. रिब्चेव लाझला दगडी पूल, पुलाशी जुनं चर्च, आणि पुलाखालून तळ्याचं पाणी बाहेर पडतं, ते पुढं सावा नदीला मिळतं. काठावर ना कुंपण, ना दोरी, ना शिट्टीवाला.

आई पुलाजवळ उतरली, बराच वेळ इकडं-तिकडं बघत राहिली. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग मला हळूच म्हणाली, "आरं, हितं तिकीट कुठं काढायचं?"

मी म्हटलं, "नाही आई, तिकीट नाही."

"मग पाण्यात पाय घातले तर चालंल?"

तिनं असं का विचारलं ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट संपवता येणार नाही. आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. ती सहा-सात वर्षांची असताना घर सोडलं, आजोबांना जमीन मिळाली ती दूर. मुंबईला वीज मिळाली, कारखाने चालले, चांगलंच झालं, त्याबद्दल ती कधी वाईट बोलत नाही. फक्त मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाची जागा उघडी पडते, भिंतींचे दगड दिसतात, ते लांबून बघून यायचं एवढाच तिचा हट्ट. तीन वर्षांपूर्वी तिला घेऊन गेलो तर नेहमीच्या वाटेवर एका रिसॉर्टचं फाटक. रखवालदार भला माणूस होता, पण त्याला हुकूम होता. "गेस्ट असाल तरच. नाहीतर डे-पास काढा." आईनं विचारलं, "केवढ्याला?" त्यानं आकडा सांगितला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आमचंच घर हाय, पैसे दिऊन काय बघायचं?" आणि वळली. मी, नागरिकशास्त्राचा मास्तर, तिच्या मागं मुकाट चालत आलो. त्या रखवालदाराला विचारण्याइतकाही माझा आवाज फुटला नाही की बाबा, ही वाट कुणाची?

त्या आईनं परक्या देशात, परक्या पाण्यात पाय घालून दोन तास काढले. मी शेजारी बसलो होतो, आणि मला तळ्यापेक्षा तो रखवालदारच जास्त दिसत होता.

मराठी माणसाला 'पाण्यापर्यंत कुणी जायचं' हा प्रश्न बव्हेरियाकडून शिकायची खरं तर गरज नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. ठराव कागदावर, तळं सवर्णांच्या ताब्यात. पुढं कोर्टात दहा वर्षं गेली, १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. रिसॉर्टच्या फाटकाची त्या अपमानाशी मी बरोबरी करत नाही. तिथं माणूस असण्याचाच प्रश्न होता. पण सार्वजनिक पाणी म्हणजे काय याचा धडा जगानं गिरवावा असा आपल्या मातीत घडलेला आहे, आणि आपण काय शिकलो? 'तळं राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण भ्रष्टाचार माफ करायला वापरतो. राखायचं सगळ्यांनी आणि चाखायचं सगळ्यांनी, असा तिचा अर्थ लावायला कुणी मना केलंय का?

असो. तुम्ही यादी मागितली होती, ती घ्या. नावं बदलतील, तुमचं शहर, विमानतळ बदलेल, म्हणून नावांऐवजी चार प्रश्न देतो. कुठल्याही तळ्याला लावा.

१. काठानं पायी हिंडता येतं का, कुंपण न लागता? पूर्ण फेरी असेल तर उत्तम.

२. रेल्वे किंवा साधी बस तिथपर्यंत जाते का? गाडी भाड्यानं घ्यावी लागत असेल तर बजेट विसरा.

३. तिकीट असेल तर कशाचं आहे, सेवेचं की काठाचं? काठाचं असेल तर शेजारचं तळं शोधा. आल्प्समध्ये शेजारी तळं असतंच.

४. म्हातारं माणूस बसून डबा खाऊ शकेल, पाण्यात पाय सोडू शकेल, अशी जागा आहे का?

चारांपैकी तीन उत्तरं 'हो' आली की डोळे मिटून जा. दहा दिवसांत दहा तळी करू नका. आम्ही चार केली. रोजचा हिशेब वहीत आहे, ८० युरोंची मर्यादा एकदाच ओलांडली, कोनिग्झेच्या बोटीला. फोटो कमी आले. आईला चारही तळ्यांची नावं उच्चारता येत नाहीत, पण कुठल्या तळ्याचं पाणी किती गार होतं ते ती आजही सांगते.

आणि परत आल्यावर एक पाचवा प्रश्न आहे, तो आपल्या गावच्या धरणाला विचारा. पवना असो, पानशेत असो, कोयना असो. पाण्यापर्यंतची सार्वजनिक वाट कुठली, ती नकाशावर कुठं आहे, आणि ती बंद कुणी केली? पाटबंधारे खात्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. बोहिन्यहून आल्यावर मी तो केलाय. उत्तर आलं की इथंच टाकतो. तोवर मे महिना येईलच. यंदा आईला घेऊन त्याच वाटेनं जाणार आहे, आणि या खेपेला मुकाट परत फिरणार नाही.

ज्यांना यायचं असेल त्यांनी सांगा. डबा ज्याचा त्यानं आणायचा. कचरा परत न्यायचा.